विटांवरचे पांढरे शिंतोडे

३ सप्टें., बुध
गोपाळने गच्चीचा कठडा स्वतः रंगवला. "पेंटर कशाला, मी आहे ना!" खाली चादर अंथरायचं मात्र सुचलं नाही. दाराजवळच्या उघड्या विटांच्या भिंतीवर पांढऱ्या ऑइल पेंटचे शिंतोडे, पार चौकटीच्या वरपर्यंत. नवरोबा म्हणे, "लांबून दिसत नाहीत." लांबून म्हणजे कुठून, पलीकडच्या आडुतुरै गावाहून?

रविवारी वन्सं येणार चेन्नईहून, सासूबाईंना घेऊन जायला. सासूबाईंची नजर अधू झालीय, मागच्या महिन्यात पायरीवर पडल्या. वन्सं फोनवर सरळच म्हणाल्या, "तुमच्यानं घर सांभाळवत नाही, आईला काय सांभाळणार?" म्हणून तर हा रंगाचा खटाटोप. आणि झालं हे!

४ सप्टें.
लाकडी पट्टीने खरवडलं. जाड थेंब निघाले, विटेच्या खाचांतले ढिम्म. गोपाळने संडासचं ॲसिड आणलं, मी ओरडेपर्यंत कोपऱ्यातल्या विटेवर ओतलंसुद्धा. रंग तसाच, वर पिवळे ओघळ. शहाणा!

मग सा.बा. चिंचेचा गोळा घेऊन आल्या. "पितळ निघतें, मग वीट कां निघेना?" घरचं दुकान पितळेच्या भांड्यांचं, त्यामुळे या घरात सगळ्या डागांना चिंच. घासघास घासलं, आम्ही दोघी खूप हसलो. मग एकदम म्हणाल्या, "मला पाठवणार कीं काय तुम्ही?"
इथल्या जुन्या वळणाच्या मराठीतून माझ्या साताऱ्याच्या मराठीची रोज टिंगल करतात, पण त्या गेल्या तर दिवसभर मी बोलू कोणाशी? बाहेर सगळं तमिळ.

५ सप्टें.
हार्डवेअरवाल्याने रंग काढायचं जेल दिलं. लावायचं, थांबायचं, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, धुवायचं. निघतंय, पण गोगलगायीच्या चालीने. संध्याकाळपर्यंत हातभर पट्टा. बोटं सोलली. रविवारपर्यंत होणं शक्य नाही.

६ सप्टें.
सकाळी सडा टाकायला दार उघडलं तर भिंत स्वच्छ! जवळ गेले. काव. रांगोळीच्या कडेला लावतो ती तांबडी काव, एकेका थेंबावर बोटाने लावलेली. भिंतीला स्टूल टेकलेलं. ओट्यावर सा.बा., कोपरापर्यंत लाल.

"या डोळ्यांनी स्टुलावर चढलात?"
"ठिपका दिसत नाही, पण हाताला लागतो. मुलीला दिसूं नये म्हणून लावली."

ओरडले. मग रडले. मग त्यांचे हात धुतले. नखांतली काव काही केल्या जाईना. पडल्या असत्या तर? नाही, तो विचारच नको. गोपाळला सांगितलं नाही.

७ सप्टें., रवि
वन्सं आल्या. चपला काढताना भिंतीला टेकल्या, खांदा लाल. ओल्या बोटाने विटेवर घासलं, खालून पांढरं आलं. मान वर करून बघत राहिल्या.
"वहिनी, एवढ्या उंच कोण चढलं?"
सा.बा.नी हात पदराखाली घेतले.
"मी," म्हटलं.
"बरं," म्हणाल्या, बस्. जेवताना आईला भात वाढता वाढता त्यांच्या नखांकडे बघत होत्या. चेन्नईचं नावही काढलं नाही. त्याचीच धास्ती वाटते.

८ सप्टें.
सकाळी बाहेर आले तर वन्सं ब्रश घेऊन भिंत घासतायत. मीही बसले. काव पहिल्या पाण्यात गेली, शिंतोडे पुन्हा सगळे वर.
"स्टूल कुठंय?"
"माळ्यावरच्या खोलीत, कुलपात."
"किल्ली?"
"माझ्याकडे."
"रोज राहील?"
हो म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून सा.बा.ची हाक, "अगो, स्टूल कुठें ठेवलेंस? वरचे ठिपके राहिले कीं."
वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. किल्ली कमरेला होती, मी ती मुठीत धरली.