चारच्या अलीकडच्या खुणा

चामराजपेट, बेंगळूर
१२ डिसेंबर १९९४

प्रिय प्रमोदिनी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लग्नानंतर दोन वर्षांत मी पाच कामं सोडली, इथं तरी टिकणार का, की तू मिरजेतच राहायचं, असं विचारलंस. रागानं विचारलं असतंस तर उत्तर सोपं गेलं असतं.

पाट्या रंगवणं हल्ली कमी. वासुदेव सर म्हणून गणिताचे प्राध्यापक आहेत, त्यांचा हात कापतो. पडद्यावर दाखवायचे पारदर्शक कागद मी त्यांना लिहून देतो, व्याख्यानात प्रोजेक्टरवर लावतोही मीच. अर्थ कळत नाही, बघून उतरवतो. सातवी नापास माणूस ‘कॉन्फॉर्मल फील्ड थिअरी’ झोकात लिहितो, हे तुझ्या भावाला जरूर सांग.

त्या थिअरीतून निघालेल्या आकड्यांची एक रेघ होती. एका रचनेच्या पोटात दुसरी बसते, तेव्हा मोठी धाकटीच्या किती पट, त्याला सर इंडेक्स म्हणतात. तो एक, मग दोन, मग अडीचच्या थोडा पुढं, मग तीन, आणि तिथून चारपर्यंत खुणा दाटत जातात. मधल्या जागेत काहीच बसत नाही. चारपासून पुढं मात्र कुठंही चालतं. मला ते बेंगरूळ वाटलं. पाटीवर अक्षरं अशी दाटली तर दुकानदार पाटी परत धाडेल. मी सगळ्या खुणा सारख्या अंतरावर घेतल्या.

गुरुवारी भर व्याख्यानात सर थांबले. इंग्रजी सोडून कानडीत मला म्हणाले, अरे श्रीरंगा, या जागा मी ठरवल्या नाहीत, तू कोण सरकवणारा? लोक हसले. मी प्रोजेक्टर तसाच सोडून निघालो.

खोलीवर गेलो नाही. बसस्थानकावर जाऊन हैदराबादचं तिकीट काढलं. तुला कळवावं हे डोक्यातही आलं नाही. बस लागली, माणसं चढली. मी चढलो असतो तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं असतं. का चढलो नाही, सांगता येत नाही. शुक्रवारी सरांकडं पट्टी मागितली, मोजून खुणा मारल्या. त्यांनी कागद उजेडात धरला, ‘सरी’, म्हणजे बरोबर, म्हणाले आणि पुढचा पुढ्यात ठेवला. टिकेन असा शब्द देत नाही. तुला इकडं ये म्हणायचं होतं, पण बसस्थानकाचं लपवून बोलावणं बरं दिसेना, म्हणून आधी हे लिहिलं. आता म्हणतो, ये. यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
श्रीरंग