उजव्या हाताचा हंगाम

ला पाल्मिता,
५ नोव्हेंबर १९७२

चि. निकानोर यास,

अ. आ. पहिल्याच ओळीत तू आशीर्वाद मागितलास, तो दिला. देव तुझं भलं करो. आता बाकीच्या पत्राचं उत्तर.

तुझं पत्र मंगळवारी मासळीच्या होडीबरोबर आलं. ओब्दुलियाबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. त्या तीस वर्षं पोस्टात होत्या, त्यामुळे दुसऱ्याचं पत्र वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही. मी सांगेन तेवढंच लिहायचं, अशी त्यांनी शपथ घेतली आहे. (शपथ घेतलेली नाही. पण लिहिते आहे. — ओब्दुलिया)

अकरा वर्षं उत्तरेकडच्या थंड गावांतून बेसबॉलचा चेंडू फेकत फिरलास आणि आता चौतिसाव्या वर्षी आपल्याच बेटावर परत आलास. गाविओतास संघानं तुला घेतलं. बावीस वर्षांत त्यांनी एकदाही अजिंक्यपद पाहिलेलं नाही. म्हणजे म्हाताऱ्या पिचरला हरणाऱ्यांनी पत्करलं. जोडा शोभतो.

फाउस्तिनोच्या दुकानातल्या रेडिओवर परवाचा सामना ऐकला. निवेदक तुला जुना घोडा म्हणाला. सगळं दुकान माझ्याकडे वळून बघायला लागलं. मी त्यांना सांगितलं, घोडा जुना आहे हे खरं, पण त्याचे दात मी मोजलेले आहेत. तेवढ्यात तू तिघांना लागोपाठ बाद केलंस, म्हणून माझी अब्रू राहिली.

तुझी पत्रं मी ताडपात्यांच्या पेटाऱ्यात ठेवते. विणून पाठ भरून आली की काढून बघत बसते. वाचता येत नाही म्हणून बघूही नये असं थोडंच आहे? ओब्दुलियाबाई हसतात. हसू देत.

वेळेवर जेव. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी आजी,
एउफ्रासिया


पुएर्तो क्लारो,
३ डिसेंबर १९७२

ती. आजीस,

सा. न. आशीर्वाद दे.

आजी, इथं काहीतरी घडतंय आणि त्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. आम्ही लागोपाठ नऊ सामने जिंकलो. आम्ही! पहिल्या तीन विजयांवर गावानं विनोद केले. पाचव्यानंतर विनोद थांबले. आता गोदीतले हमाल पाळी संपली की हातातल्या पोती ओढायच्या लोखंडी आकड्यांसकट थेट मैदानावर येतात, आणि आकडे दारात एका खोक्यात टाकून आत शिरतात. परवा ते खोकं भरून वाहत होतं. ते पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

मैदान समुद्राला लागून आहे. दुपारचा वारा फलंदाजाच्या तोंडावर येतो, म्हणून दुपारचे सामने मॅनेजर मला देतात. डॉन लेओन्सियो त्यांचं नाव. हसत नाहीत, ओरडतही नाहीत, नुसती टोपी फिरवतात. टोपी उलटी झाली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

माझा कॅचर वेन्सेस्लाओ. दाराच्या चौकटीएवढा रुंद आणि तितकाच बोलका. दिवसभरात चार शब्द बोलतो, त्यातले दोन जेवणाबद्दल. पण त्यानं चेंडू झेलायचा चामडी पंजा जिथं धरला तिथं चेंडू टाकायचा, एवढंच मला करावं लागतं.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. पुढच्या वर्षी मला कोणी घेणार नाही. अंतिम मालिकेपर्यंत पोहोचलो तर पहिला आणि चौथा सामना माझा, असं डॉन लेओन्सियोंनी सांगितलंय. आयुष्यात मला एवढंच हवं होतं गं. ते आता हाताच्या अंतरावर आहे.

ओब्दुलियाबाईंना नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
निको


ला पाल्मिता,
१९ डिसेंबर १९७२

चि. निको यास,

अ. आ. सोबत कासाबेच्या, आपल्या कंदाच्या पिठाच्या, वीस भाकऱ्या पाठवते आहे. त्या चौकटीएवढ्या माणसाला दहा दे. बोलत नाही म्हणजे भुकेला असणार.

इथली हकीकत ऐकशील तर तुला खोटं वाटेल. फाउस्तिनोच्या दुकानात पूर्वी रेडिओ चालू असला तरी लोक डॉमिनोच्या सोंगट्या आपटत बसायचे. आता सामना सुरू झाला की सोंगट्या पेटीत. तू चेंडू टाकायला उभा राहिलास की बायका कॉफी ढवळायच्या थांबतात. मागच्या रविवारी आठव्या डावात पाद्री आले ते दारातच उभे राहिले. प्रार्थनेची वेळ टळून गेली, हे त्यांनाही आठवलं नाही आणि आम्हालाही. मी ऐंशी वर्षांची आहे. मी तीन वादळं पाहिली. इतकी माणसं इतकी गप्प बसलेली मी वादळाच्या आदल्या तासालाच पाहिली होती.

तुझं कौतुक करायला लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना विणकामाला बसवते. कौतुकही होतं आणि टोपलीही होते.

हाताचं काय ते लिहिलं नाहीस. मागच्या पत्रात विचारलं नव्हतं, आता विचारते.

नाताळला पानांत गुंडाळलेल्या वड्या करीन, तुझ्या वाटणीच्या ओब्दुलियाबाई खातील. (खाणार आहे. — ओ.)

मायेत खंड नको.

आजी


पुएर्तो क्लारो,
३ जानेवारी १९७३

ती. आजीस,

सा. न. आशीर्वाद असावा.

नवं वर्ष तुला सुखाचं जावो. भाकऱ्या पोहोचल्या. वेन्सेस्लाओनं दहा खाल्ल्या आणि तुझं नाव विचारलं. त्याच्या हिशेबानं हे भाषणच झालं.

आजी, आम्ही अंतिम मालिकेत आहोत! अठरा तारखेला सुरू. सातांतले चार जिंकायचे. पहिल्या सामन्याला मी.

हात छान आहे. काळजी करू नकोस. थोडा थकवा आहे, तो सगळ्यांनाच आहे. साठ सामने झाले.

घाईत आहे, म्हणून आटोपतो. माया असू दे.

निको


ला पाल्मिता,
८ जानेवारी १९७३

चि. निको यास,

अ. आ.

ओब्दुलियाबाईंनी वाचलं की हात छान आहे. दुकानात सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मी पत्र घरी आणलं, उजेडात धरलं आणि पेटाऱ्यातून तुझी आधीची पत्रं काढून शेजारी मांडली.

ऑक्टोबरातल्या पत्रात तुझी रेघ कागदाच्या पाठीवर उमटली आहे, बोट फिरवलं की लागते. डिसेंबरातलं पत्र निम्म्यापर्यंत तसंच, मग फिकं होत जातं. या पत्रात पाठ कोरी आहे. ओळ डावीकडे ठीक निघते आणि उजवीकडे जाता जाता बसते, आणि दोन ठिकाणी लेखणी हातातून सुटून रेघ उडालेली आहे. साठ वर्षं मी ताडाच्या पट्ट्या ओढते आहे, निको. कोणाचा अंगठा दुखतो, कोणाच्या बोटांत जोर उरला नाही, हे मला टोपली सांगते. बाई स्वतः सांगत नाही, ती लाजते. तू शब्दांनी मला फसवलंस आणि ओब्दुलियाबाईंनाही फसवलंस. हाताला फसवायला सांगायचं मात्र विसरलास.

तुझ्या पहिल्या दोन बोटांना लेखणी जाणवत नाही. मग चेंडू जाणवतो का?

मी तुला फेकू नकोस असं सांगणार नाही. तो हंगाम काय आहे ते मला ठाऊक आहे, मी रोज दुकानात बसते. पण घोड्यावर लादायची मोठी टोपली आम्ही बायका दोघी-दोघी बसून दोन बाजूंनी विणतो. एकीचा हात दुखला तर तिनं समोरचीला तिथल्या तिथं सांगायचं. समोरची आपली बाजू तितकी सैल सोडते आणि टोपली उभी राहते. जी सांगत नाही तिची टोपली वाटेत फाटते, आणि माल दुसऱ्याचा सांडतो. आपल्याकडे अशा बाईशेजारी पुन्हा कोणी बसत नाही.

तुझ्या समोर जो बसतो त्याला सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

मी रागावलेली नाही. रागावले असते तर हे पत्र सहा पानांचं झालं असतं. (त्या रागावल्या आहेत. — ओ.)

आजी


पुएर्तो क्लारो,
३० जानेवारी १९७३

ती. आजीस,

सा. न. आशीर्वाद दे. हे पत्र मी सांगतो आहे आणि वेन्सेस्लाओ लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस, तो बाजूलाच बसलाय.

निकाल तुला रेडिओवरून कळलाच आहे. जे रेडिओवर नव्हतं ते लिहितो.

तुझं पत्र बारा तारखेला आलं. दोन दिवस ते खिशात घेऊन फिरलो. चौदाला सरावानंतर वेन्सेस्लाओला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "मला बोटं जाणवत नाहीत. डिसेंबरपासून." त्यानं माझी दोन बोटं हातात घेऊन दाबून पाहिली. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, माझाच पंजा चुकतोय." महिनाभर तो बिचारा स्वतःला दोष देत होता, आजी.

आम्ही दोघं डॉन लेओन्सियोंकडे गेलो. त्यांची टोपी उलटी झाली. पहिला आणि चौथा, माझ्या वाटणीचे दोन्ही सामने त्यांनी दुसऱ्यांना दिले. मी बाकावर बसलो. रडलो, ते वेन्सेस्लाओ लिहीत नव्हता, मी लिहायला लावलं.

पण रोज सकाळी तो मला किनाऱ्यावर न्यायचा. त्यानं लहानपणी एका म्हाताऱ्या पिचरकडून पाहिलेलं होतं: चेंडू बोटांत धरायचाच नाही. तळव्यात खोल बसवायचा, बोटं वर उचलून ठेवायची आणि हात मात्र पूर्ण वेगानं फिरवायचा. हात वाऱ्यासारखा येतो, चेंडू मागून सावकाश निघतो. दहा दिवस तेवढंच केलं.

मालिका तीन-तीन झाली. सातवा सामना रविवारी दुपारी. नववा डाव, आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचे दोघे बेसवर, दोघे बाद, आणि फलंदाजीला त्यांचा एवांजेलिस्ता, ज्यानं हंगामभर कुणाला झोपू दिलं नाही. डॉन लेओन्सियोंनी मला बोलावलं. विचारलं, खरे किती चेंडू आहेत तुझ्यात? मी म्हटलं, सहा. त्यांनी चेंडू माझ्या तळव्यात ठेवला.

पहिल्याला तो चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळा झाला. लोक हसले. दुसरा त्यानं रेषेबाहेर मारून फुकट घालवला. मग माझे दोन भरकटले. आणि पाचव्याच्या वेळी, आजी, कोणी हसत नव्हतं. अकरा हजार माणसं होती आणि मला समुद्र ऐकू येत होता. चेंडू हातातून गेला तो इतका हळू की मला त्याची शिवण दिसली. एकेक टाका. वाटलं, तो पोहोचणारच नाही, हवेतच राहील. एवांजेलिस्ता थांबला, थांबला, आणि त्याच्यानं थांबवेना. बॅट फिरली. चेंडू अजून वाटेत होता. मग वेन्सेस्लाओच्या पंजात पडल्याचा आवाज आला, आणि तेवढाच आवाज होता. कोणी ओरडलंच नाही. मी श्वास घेतला, सोडला, तरी शांत. त्याची तिसरी संधी गेली होती, आम्ही अजिंक्य झालो होतो. मग काय झालं ते तू ऐकलंसच.

डॉक्टरांनी काल पाहिलं. खांद्यातली रक्ताची शीर बंद पडत आली होती. शस्त्रक्रिया गुरुवारी. पहिला आणि चौथा सामना फेकला असता तर हातच गेला असता, असं ते म्हणाले. हात राहील. लेखणीही धरेल म्हणतात, वर्षभरात. चेंडू फेकणं मात्र संपलं.

मला वाईट वाटतंय की नाही ते अजून कळत नाही. कळलं की लिहीन, म्हणजे सांगेन.

तुझा,
निको

(कासाबे चांगला होता. — वेन्सेस्लाओ)


ला पाल्मिता,
६ फेब्रुवारी १९७३

चि. निको यास,

अ. आ. गुरुवारी शस्त्रक्रिया नीट झाली, हे तारेवरून कळलं. आता ओब्दुलियाबाई डोळे पुसताहेत ते मी पाहिलेलं नाही असं त्यांनी लिहावं. (लिहिलं. — ओ.)

तुमच्या अकरा हजारांची शांतता रेडिओवर ऐकू आली. फाउस्तिनोला वाटलं बॅटरी संपली. त्यानं रेडिओला हात लावू नये म्हणून मी त्याचा हात धरून ठेवला. मला ठाऊक होतं, ते यंत्र बंद पडलेलं नाही. मग तो आवाज आला, आणि फाउस्तिनोनं टोपी काढली, पाद्र्यांनी काढली, एकेक करत सगळ्यांनी काढली. कोणी नाचलं नाही, बराच वेळ. बाहेर आले तर रस्त्यावर दुसऱ्याही दुकानांतून माणसं निघालेली, उघड्या डोक्यानं, एकमेकांकडे बघत. मी माझ्या म्हातारपणाला म्हटलं, बरं झालं तू थांबलंस.

तुला वाईट वाटेल, निको. आत्ता नाही, पुढच्या ऑक्टोबरात, जेव्हा पहिला सामना लागेल. तेव्हा तू इथं असलास तर बरं. मी काही समजूत घालणार नाही. शेजारी बसेन.

आणि एकटा येऊ नकोस. त्या वेन्सेस्लाओला घेऊन ये. त्याचं अक्षर मी उजेडात धरलं: खिळे ठोकल्यासारखं, पण कुठं डगमगलेलं नाही. तुझा शेवटचा चेंडू ज्यात जाऊन बसला, तो पंजा मला एकदा माझ्या दोन्ही हातांत धरून बघायचा आहे.

दोघांनाही माया.

आजी