चिठ्ठीच्या दोन वचनं पुढे

बाबा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी काल तुमचा असा राग आला की हातातलं पुस्तक आपटावंसं वाटलं. नंदनवन वस्तीत चर्चच्या मंडळीतल्या बायकांचा बायबलचा वर्ग मी घेते. तिथल्या एका बाईच्या नवऱ्याचा पाय सडत चाललाय, आणि ती मला नव्या वर्षाला चर्चमध्ये तिच्या हाती निघालेली, बायबलमधलं एक वचन लिहिलेली चिठ्ठी दाखवते. "देवानं बरं करतो म्हणून लिहून देलं, बाई. आता दवाखान्यात काहून नेऊ?" मी समजावलं. हे कोणाला म्हटलंय, कधी, पुढं काय झालं, ते तर बघा! ती हसली. "तुम्ही शिकलेल्या. आमचा भोळा विश्वास राहू द्या." आणि गेली. काय करू, हात धरून ओढत नेऊ?

हे मागचं-पुढचं वाचणं मला तुम्हीच शिकवलं ना? उद्याची चिंता करू नये असं लिहिलंय म्हणून मी गणिताचा अभ्यास टाळला, तेव्हा स्वयंपाकघरात उभं करून अख्खा अध्याय तीनदा वाचायला लावलात. "वचन तोडून खाऊ नको वं पोरी. पुरा पाठ वाच." पार खापा गावापर्यंत सायकल हाणत जाऊन उपदेशात लोकांना हेच सांगायचात.

आणि मग आईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच काढू. तेवढ्यात नवं वर्ष आलं, उपासनेनंतर वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरलं, आणि आईच्या हाती चिठ्ठी आली: मी तुला बरे करीन. तुम्ही कणकेच्या खळीनं ती चुलीवरच्या भिंतीला चिकटवलीत. ऑपरेशन म्हणजे अविश्वास, म्हणालात. आई भाकरी थापताना थांबते, काखेत हात दाबून धरते. "मले दुखते जी," एवढंच म्हणते. तुम्ही चिठ्ठीकडे बोट दाखवता. पुढचा नाताळ तिनं पाहिला नाही.

तुम्ही नंतर उपदेश करणं सोडलंत. मी तुम्हाला कधी माफ केलं नाही, आणि तुम्ही कधी माफी मागितलीही नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून वहीतच राहील. पण एक सांगते. ती चिठ्ठी भिंतीवर लागली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि तिच्यातलं वचन मी बायबलात शोधलं होतं. ते एका आजारी राजाला दिलेलं. दोनच वचनं पुढे संदेष्टा अंजिराची ढेप मागवतो, ती गळवावर बांधतात आणि मग राजा बरा होतो. औषधच की ते! पुस्तक घेऊन तुमच्या दारापर्यंत आले. तुम्ही गुडघ्यांवर प्रार्थना करत होतात. मी परत फिरले.

तुम्हाला भ्याले, असं आजवर स्वतःला सांगत आले. भ्याले नव्हते, बाबा. पुढची वचनं मलाही नको होती, तेवढी चिठ्ठीच हवी होती.