ड्रायव्हरशेजारची सीट

शहादा,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगूदादा,
सा. न.

इकडे सगळे बरे आहेत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत म्हणून हे दिवसभर शेतातच असतात. मयूरीची सराव परीक्षा झाली. फिजिक्समध्ये थोडी मागे पडली, पण भरून काढेल. भाऊबीजेला तू येणार म्हणून तुझ्या या लेकीने अंगणभर रांगोळी काढली होती. दुपारी तुझा फोन आला, ‘जमत नाही’ म्हणून. तिने रांगोळी पुसली नाही, वाऱ्यानेच गेली.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहायला बसले.

जीप सापडली, दादा. तशी दुसरी नव्हे, आपल्या आप्पांचीच. बशीरचाचांच्या मुजाहिदने शोधून काढली. तो आता जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचंच काम करतो हे तुला माहीत आहे. तुझ्यासोबत तसल्या जीपा बघायला इंदूरला आणि राजकोटलाही तोच आला होता. गाडी धडगावला रायसिंग नावाच्या माणसाकडे आहे. पाड्यांवरची माणसं बाजाराला आणतो, परत सोडतो. गेल्या रविवारी आम्ही मुजाहिदच्या गाडीने बघायला गेलो. मयूरी म्हणाली, ‘पप्पांची गाडी मलाही बघायची.’ तिला नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

आधी गाडीचं सांगते. नंबर तोच, चेसिसही तीच. मुजाहिदने आकडे घासून पुसून वाचले. स्टेअरिंग अजून डावीकडेच आहे. पण इंजिन कधीच बदललंय, आता डिझेलचं आहे. मुजाहिद खिशातलं लोहचुंबक लावत गाडीभोवती फिरला. कितीतरी जागी ते चिकटेना, पत्र्याच्या जागी नुसती पुट्टी. खालचा पत्रा इतका गंजलाय की मागे बसलं की रस्ता दिसतो. रंग हिरवा राहिला नाही, निळा केलाय. तू म्हणतोस तसं ‘ओरिजिनल’ असं तिच्यात फारसं काही उरलेलं नाही.

मुजाहिद मला म्हणाला, “दीदी, भाईजानला आधीच सांगून ठेवा. नंबर भेटेल, चेसिस भेटेल. वर्कशॉपला टाकली तर रंग पण पहिल्यासारखा होईल. बाकी त्यांच्या डोक्यात जे आहे, ते नहीं भेटणार.”

मी विचारलं, “डोक्यात काय आहे?”

“मला काय माहीत? पण ते गाडी बघतच नाहीत. राजकोटची इतकी चांगली होती. बोनेट उघडलं नाही, चालवून बघितली नाही. नुसते ड्रायव्हरच्या बाजूच्या रिकाम्या सीटपाशी उभे राहिले आणि म्हणाले, नको, यात नाही.”

त्याला काय सांगणार?

आता पुढचं. हे लिहू की नको म्हणून आठवडा काढला.

बाजाराचा दिवस होता. जीप भरत होती. मागे माणसावर माणूस, दोघं मागच्या पायरीवर लटकलेले, एक बाई तान्हं मूल घेऊन कशीबशी कोपऱ्यात. आणि पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी. कोणी तिकडे बघतही नव्हतं. मी रायसिंगला म्हटलं, “त्या लेकुरवाळीला पुढे बसव ना.”

तो म्हणाला, “तिथे बसत नाही कोणी. बाई शे तिथे.”

मला वाटलं, बाई आहे म्हणजे कोणाची तरी जागा धरून ठेवली असेल. तेवढ्यात त्याची आई, कालीबाई, जवळ आली. अगदी सहज, शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगू लागली. गाडी घेतली तेव्हापासून ती आहे म्हणाली. त्रास देत नाही. “घाट उतरताना घाबरते फक्त. हळू चालव, हळू चालव, म्हणते. रायसिंग हळू चालवतो, मग गप्प राहते.”

दादा, तेच शब्द.

रायसिंगने गाडी तळोद्याच्या एका दलालाकडून घेतली. तोरणमाळच्या घाटात काय झालं ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. आणि भूमी त्या दिवशी तुझ्या शेजारच्या सीटवरून काय म्हणाली, हे तर गावातही कोणाला माहीत नाही. ते तू ऐकलंस आणि मी. मी मागे बसले होते, मयूरीला मांडीवर घेऊन. श्रावणातलं धुकं होतं, रस्ता ओला होता आणि तू मजेत होतास. भूमी दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिने मागे वळून मयूरीकडे बघितलं. मग वळण आलं.

मी आजवर हा विषय काढला नाही. तुला टोचायला आताही काढत नाही. भूत-बीत मी मानत नाही हे तुला माहीत आहे. डोंगरातल्या गाडीत बसून कोणीही बाई ‘हळू चालव’ म्हणेलच, असं स्वतःला समजावत होते. तेवढ्यात बघते तर मयूरी त्या सीटवर जाऊन बसलेली.

मागची माणसं वाकून बघू लागली. रायसिंग खाली उतरला. कालीबाईने मात्र हाताने खूण केली, बसू दे. मयूरी तिथे बराच वेळ बसली. समोरच्या दांड्याला धरून, डोंगराकडे बघत. वेणी पुढे टाकलेली. क्षणभर मला हाक मारावीशी वाटली, आणि ओठांवर जे नाव आलं ते मयूरीचं नव्हतं.

उतरून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “आत्या, आई तापाने गेली नाही ना?”

तुला वाटेल, तिला कोणी सांगितलं. कोणीच नाही. ती सतरा वर्षांची आहे, दादा. बाप तसलीच जुनी जीप का शोधत फिरतो, स्वतः गाडी का चालवत नाही, आईचा फोटो लावलेल्या घरी का येत नाही, हे सगळं तिने मनात जुळवत आणलं होतं. तापाची गोष्ट तू सांगायला लावलीस, आप्पांनी सांगितली, मी सांभाळली. त्या दिवशी मला ती पुढे रेटता आली नाही. तिथेच, रस्त्याकडेच्या दगडावर बसून, मी तिला अपघाताचं सांगितलं.

तिने एकच विचारलं, “पप्पा चालवत होते?” मी हो म्हटलं. घरी आल्यावर जेवली, अभ्यासाला बसली.

भूमीचे शेवटचे शब्द मात्र मी तिला सांगितले नाहीत. ते माझे नाहीत. ते तुलाच म्हटले होते, तूच सांग.

रायसिंग गाडी द्यायला तयार आहे. त्याला आता मोठी गाडी घ्यायची आहे. तू घ्यायची की नाही ते तू ठरव. पण त्या सीटपाशी उभं राहून भूमी भेटेल, काही बोलेल, तुला मोकळं करेल, असं धरून येऊ नकोस. मीही निघताना तिथे बसून बघितलं. गार लागलं. डोंगरात या दिवसांत गारवा असतोच. मी तिला विचारलंही, मनातल्या मनात. मला काही ऐकू आलं नाही.

मयूरी रागावली आहे का, मला कळत नाही. ती तुला क्षमा करेल असं वचन मी देऊ शकत नाही. काल एवढंच म्हणाली, “पप्पांना म्हणावं, बसने या. मी स्टँडवर घ्यायला येते.”

बडोद्याहून थेट गाडी आहे. कळव.

तुझी बहीण,
आणि तुझं लग्न व्हायच्या आधीपासून भूमीची मैत्रीण,
अनू