जुन्या डिस्कमधलं तुझं लग्न

सानगडी
१० एप्रिल २०२३

प्रिय तृप्ती,

सप्रेम जय भीम. फोनवर तू मध्येच बोलायला लागली असतीस आणि माझी हिंमत गेली असती, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.

स्टुडिओतली बॅकअपची जुनी डिस्क गच्च भरली. भंडाऱ्याहून चार टीबीची नवी आणली आणि तीन दिवसांपासून बारा वर्षांची लग्नं तिच्यात उतरवतेय. मूव्ह नाही, कॉपी. दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळली की मगच जुनी पुसायची. मध्येच लाइट जाते, इन्व्हर्टर किंचाळतो, की मी पुन्हा पहिल्यापासून. माझा नवरा जीवन वैतागला, "एवढा कचरा कायले जमा करून राहिली तू?" त्याला काय कळतंय! आपल्याकडे माणूस गेला की घरचे माझ्याकडेच धावतात. म्हाताऱ्याचा धड एक फोटो नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातला त्याचा चेहरा कापायचा, डोक्यावरचा फेटा काढायचा, अंगात कोट चढवायचा, की झाली तसबीर. म्हणून मी कुणाचंच लग्न मिटवत नाही.

तुझंही मिटवलं नाही.

तू कोंढ्याच्या सासरहून कायमची माहेरी आलीस, अल्बम चुलीत घातलास आणि मला म्हणालीस, "तुह्या कॉम्प्युटरातलंबी मिटवून टाक, मले त्या माणसाचं तोंड पाहाचं नाही." मी तुझ्यासमोर डिलीट केलं. तू रडलीस, मीही रडले. पण डिस्कमध्ये दुसरी प्रत होती आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. सात वर्षं गप्प राहिले. काल तो फोल्डर समोर आला. नव्या डिस्कमध्ये नेला नसता तर तुला कधी कळलंही नसतं, माझं खोटं आपोआप पुसलं गेलं असतं. माऊसवर बोट ठेवून बसले होते, समोरचा चहा निवून गेला. खरं सांगते, तुझी मैत्री जाईल याची भीती वाटली. तरी उघडला.

गेल्या वर्षी तुझे बाबा, केशवकाका गेले. पुण्यानुमोदनाला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. त्यापुढे मेणबत्ती लावताना तू म्हणालीस, "हे माहे बाबा वाटूनच नाही राहिले." मी शेजारीच उभी होते. काकांचा चांगला फोटो माझ्याकडे असणार हे माहीत असून तोंड उघडलं नाही, कारण मी उघडी पडले असते. त्याची मला अजून लाज वाटते.

तो फोटो सापडला. मंडपामागे तुझ्या चपलेचा पट्टा तुटलाय, नव्या कपड्यांत काका जमिनीवर बसून तो तारेनं बांधतायत, तुझा हात त्यांच्या डोक्यावर आहे आणि दोघंही खदखदून हसताय. तो माणूस त्यात कुठेच नाही. येत्या रविवारी काकांना वर्ष होईल. हीच तसबीर मी तुझ्या आईच्या, पार्वताकाकूंच्या हाती देणार आहे. तू बाहेरगावाहून येऊन घरात पाऊल टाकशील आणि ती एकदम समोर येईल, म्हणून आधी कळवतेय. बाकीचे सहाशे फोटो तू म्हणशील तर तुझ्यासमोर मिटवीन, या वेळी दोन्ही डिस्कांमधून. हा एक मात्र तू सांगितलंस तरी मिटवणार नाही.

तुझीच,
रत्नमाला