बर्फात झोपलेली मुलगी

तोक्यो, ११ नोव्हेंबर

प्रिय फुसाएमावशी,

चिझुरूचा नमस्कार. तू पाठवलेली नासपती पोचली. आईने आणि धाकट्या कोनात्सुने आवडीने खाल्ली. मी बरी आहे.

लहान मुलींच्या फॅशनच्या मासिकाच्या मुखपृष्ठावरचा माझा फोटो तू तुझ्या फळांच्या दुकानात लावलास म्हणे. बर्फात किती शांत झोपलीय पोर, असं गिऱ्हाइकं म्हणतात, आई सांगत होती. मावशी, तो फोटो काढून टाकशील का? कारण सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव.

थंडीच्या अंकाचे फोटो ऑगस्टमध्ये काढतात. बर्फ कापसाचा होता. अंगात लोकरीचा कोट, वर दिवे. मी उंच होत चाललेय, आणि कपडे लहान मुलींचे. ते बसावेत म्हणून आई मला सकाळी नुसतं सूप देते. त्या दिवशी तेही दिलं नव्हतं. मी झोपले नव्हते मावशी, चक्कर येऊन पडले होते. शुद्धीवर आले तेव्हा फोटो काढणं चालूच होतं. संपादकबाई म्हणाल्या, "हलू नकोस, असंच छान दिसतंय."

आई त्यांच्या शेजारी उभी होती.

शाळेतल्या मुली त्या फोटोवर माझी सही मागतात. मी देते.

आता ते कपडे मला होतच नाहीत. म्हणून गेल्या आठवड्यात मासिकवाल्यांनी कोनात्सुला बोलावलं. सहा वर्षांची ती, तिला सगळी गंमतच. तिचं माप घ्यायला लागले तेव्हा मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही. चारचौघांत आईची मान खाली गेली. घरी आल्यावर मात्र ती रागावली नाही. भांडी विसळता विसळता म्हणाली, "ती नको, तर मग तू. मोठ्या मुलींच्या मासिकात जायचं, आणि पुन्हा नाटकं करायची नाहीत."

मी हो म्हटलं.

पण आईचं मन कधी फिरेल, नेम नाही. नवीन वर्षाच्या सुट्टीला कोनात्सुला तुझ्याकडे बोलावून घे. गुडघे दुखतात म्हण, एकटीला करमत नाही म्हण. आणि एप्रिलमध्ये शाळा सुरू झाल्या, की तिकडच्याच शाळेत घाल. ती झोपेत पांघरूण अंगावरून फेकते. गाजर खात नाही, पण बाकी सगळं पोटभर खाते. तिला खाऊ दे.

मला बोलावू नकोस. दोघी आलो, तर आई दोघींना न्यायला येईल. मी इथे असले, की तिचं एकीवर भागेल.

इथेच असणारी,
तुझी चिझुरू