नेण्यासाठी कोणी येऊ नये

मेहरूण, जळगाव
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय आई,

तू असताना जे बोलायचे होते ते बोललो असतो, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. काल आम्ही चौघे तुझ्या माहेरी, नरडाण्याजवळच्या तुझ्या गावी जाऊन आलो. नानामामा गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. मामींनी त्यांच्या नावाची घागर भरली, वर सांजोरी ठेवली आणि माझ्याकडे न पाहता एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून मी स्वस्थ नाही.

दर आखाजीला नानामामा तुला न्यायला यायचे. माहेरवाशिणीला आणायला माहेरचा माणूस, मुराळी, आलाच पाहिजे, असा तुझा नेम. तू साठी ओलांडलीस, नातवंडांची आजी झालीस, तरी तुझा धाकटा भाऊ दारात उभा राहीपर्यंत तू पिशवीत एक लुगडेही ठेवत नसायचीस.

"चाल ना वं अक्का! का सासरमाच म्हतारी व्हशी?" ते ओट्यावरूनच ओरडायचे.

"आते काय बाकी शे रे, नाना!" तू म्हणायचीस, आणि पदर सावरता सावरता केवढी हसायचीस!

मला मात्र ही पद्धत गैरसोयीची वाटे. मामा येणार, एक दिवस राहणार, मग निघणे. तू शेवटची माहेरी गेलीस, त्या वर्षी मला कार्यालयातून मोजून तीन दिवसांची रजा मिळाली होती. मुलांनाही माझ्या आजोळची आखाजी दाखवायची होती. तेव्हा मी तुला न विचारता मामांना एक पोस्टकार्ड टाकले. वाणिज्य शाखेत शिकलेला नमुना हाताशी होताच: मुद्देसूद, थोडक्यात. 'ती. आईस नेण्यासाठी कोणी येऊ नये. आम्ही परस्पर येत आहोत.' त्यांच्या गुडघ्यांना त्रास नको, असे मी स्वतःला समजावले. पण गुडघ्यांचा उल्लेख मी त्या पत्रात केला नाही. का केला नाही, आई? तेवढी एक ओळ मावली असती.

तू दोन दिवस ओट्यावर बसून राहिलीस. तिसऱ्या दिवशी मी गाडीची वेळ सांगितली, तेव्हा उठलीस. पॅसेंजरमध्ये, धरणगाव गेल्यावर, तू विचारलेस, "नाना का बरं उना नही रे? काही कळाडं का त्यानी?"

मी म्हणालो, "नाही, काही कळवले नाही."

खरे सांगितले असते, तर तू पुढच्याच स्टेशनवर उतरली असतीस. त्या भीतीने मी माझे पत्र लपवले. हे कारण आहे, समर्थन नव्हे.

गावी पोहोचलो, तेव्हा मामा दारात नव्हते. आतून आले आणि म्हणाले, "बठ्ठा उनात का? बसा." सगळे आलात का, इतकेच! तुम्हा बहीणभावांना इतके अदबीने बोलताना मी कधी पाहिले नव्हते. आमरस वाढताना ते माझ्या मुलांना आग्रह करत होते, तुला नाही. अंगणात पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, तुला हाका मारत होत्या. तू उठली नाहीस. मामांनी विचारले नाही, तू विचारले नाहीस. आणि उत्तर ज्याच्यापाशी होते, तो मी, पाटावर बसून पुरणाची पोळी खात होतो.

पुढच्या आखाजीला मुराळी आला नाही. त्याच्या पुढच्या आखाजीलाही नाही. मी म्हणालो, "चल, मी नेतो." तू म्हणालीस, "ज्याले नेवानं व्हतं, त्यालेच आठवण नही." त्यानंतरच्या आखाजीआधी तू गेलीस. दहाव्याला मामा आले आणि न जेवता परतले.

काल मामी म्हणाल्या, "त्यास्नी धोतर धुई ठेयेल व्हतं. मंग तुमनं पत्र उनं. चार दिन कोनसंगे बोलनात नही. म्हणेत, अक्काले आते आपली लाज वाटस."

लाज! तुला? त्यांची? आणि तू समजलीस की भाऊ तुला विसरला. दोघेही तसेच गेलात. मामींना मी सगळे सांगितले. त्या घागरीकडे पाहत म्हणाल्या, "आते कोनले सांगतस, भाऊ?"

परतताना मुलीने विचारले, "आजी शेवटी माहेरी का जात नव्हती हो?" इतकी वर्षे मी सांगत आलो आहे की आजी फार मानी होती. कालही तेच तोंडात आले होते, पण "उद्या सांगतो" एवढेच म्हणालो.

आई, तुला सगळे कळले असेल, तू क्षमा केली असशील, असे म्हणून मी माझी सुटका करून घेणार नाही. एक वचन मात्र देतो. आज दुपारी दोन्ही मुलांना समोर बसवून मी सांगेन की आजी मानी नव्हती. ती वाट पाहत होती, आणि येणाऱ्याला मी थांबवले होते. त्याने तुला तुझा भाऊ परत मिळणार नाही, हे मी जाणतो. तरीही सांगेन.

तुझा,
दिगंबर